अर्ध्या मीटरच्या खाली खणू नये

बिलबाओत, नदीकाठी, गोदी होती तिथे
आता बाग आहे.
गवत इतकं एकसारखं
की पाय ठेवताना चोरी केल्यासारखं वाटतं.

चोमिन रोज साडेअकराला येतो.
टोपी काढतो, शेजारी ठेवतो,
जागा धरल्यासारखी.
कुणासाठी, ते मी विचारलेलं नाही.

बाक जुन्या धक्क्याच्या फळ्यांचा.
खिळ्यांची भोकं तशीच राखलीत,
वास्तुविशारदाला आवडली म्हणे.
चोमिन एका भोकात बोट घालून
नदीकडे बघतो.
"हिचा रंग आम्ही ठरवायचो.
सोमवारी गंजाचा, गुरुवारी काळा.
पगाराच्या दिवशी कोणता,
ते कुणी पाहिलंच नाही."
आता पाण्यात बोय मासे आलेत.
पाणकावळा पंख वाळत घालून उभा असतो,
भाडं वेळेवर भरणाऱ्याच्या ऐटीत.

समोर क्रेन.
नवा तांबडा रंग, रात्री पायाशी दिवे,
नवरानवरी तिच्याखाली फोटो काढतात.
एकतीस वर्षं हा माणूस तिच्या डोक्यात बसला.
कुणी चढू नये म्हणून शिडीचा
खालचा चार मीटर तुकडा कापून टाकलाय.
पण वर, केबिनमध्ये, उजव्या हाताच्या हुकाला
त्याचा थर्मास अजून लटकतोय.
शेवटच्या दिवशी भोंगा झालाच नाही.
फाटकाशी आरडाओरडा झाला,
सगळे खिशात बोल्ट भरून पुलाकडे धावले,
गोफणी होत्याच.
कॉफी अर्धी राहिली.

नगरपालिकेला त्याने तीन पत्रं लिहिली.
उत्तर जाड, छान कागदावर आलं:
वारसा-वस्तूंना हात लावता येत नाही.
"म्हणजे माझी कॉफी वारसा," तो हसतो.
हसणं फार वेळ टिकत नाही.

भुरभुर सुरू होते. छत्री उघडावी की नको
हे इथे कुणालाच कधी ठरवता येत नाही.
सुरिन्ये, माळीणबाई, रबरी बूट घालून
वाळुंजाची रोपं लावतेय.
तिच्या मागे पाटी:
अर्ध्या मीटरच्या खाली खणू नये.
मी विचारलं, का?
तिने फावडं टेकलं. खाली काळं प्लास्टिक,
त्याखाली चिकणमाती,
त्याखाली,
तिने चोमिनकडे बघितलं.

"शिसं," तो म्हणाला. "डांबर.
अंतोन्चोची दोन बोटं, एकाहत्तर सालची.
आणि ते पांढरं, कापसासारखं,
पाइपांना गुंडाळायचो ते.
सगळं नाही हं.
थोडं आम्ही छातीत भरून घरी नेलं.
थोडं कपड्यांतून.
शनिवारी गॅलरीत उभी राहून
कपडे झटकायची ती."

एवढं बोलून त्याने टोपी उचलली,
तिच्यावरचं पाणी पुसलं,
होती तिथेच परत ठेवली.

सुरिन्येला मघाशी मातीत एक रिव्हेट सापडला होता.
तिने तो त्याच्या तळव्यावर ठेवला.
त्याने उलटसुलट करून बघितला.
"माझ्या आधीचा आहे.
आम्ही वेल्डिंगवाले."
आणि परत दिला, प्रामाणिकपणे,
हिशेब चुकू नये म्हणून.

मग पायऱ्यांवरून एक बाई
बाबागाडी उतरवायला लागली, एकटीच,
एका हातात छत्री, चाकं ओली.
मी उठणार होतो.
पण चोमिनचा उजवा हात
बाकाच्या कडेवर आधीच सरकला होता.
दोन बोटं पुढे. थांब. अंगठा मागे.
ओठांतल्या ओठांत
डावीकडे, डावीकडे, वारा आहे,
आता सोड. हळू.
अजून हळू.

गाडी खाली टेकली.
आतलं पोर जागं झालं नाही.
बाई मागे न बघता निघून गेली
आणि चोमिन
नेहमीच्या सवयीने
वर बघत राहिला, रिकामा हुक
परत वर जाईपर्यंत.